एकोणऐंशी अक्षरांसाठी: अमिगा १२०० वर सीडीची फाइल सिस्टिम निवडताना

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक जर्मन आजोबा राहतात. नोकरीनिमित्त मी ब्राउनश्वाइगला आलो तेव्हापासून त्यांची ओळख आहे. हे तेच शहर, जिथे अमिगा हे घरगुती संगणक बनवणाऱ्या कमोडोर कंपनीचा कारखाना होता. त्यामुळे इथल्या अनेक जुन्या घरांच्या माळ्यावर अजूनही एखादा अमिगा सापडतो. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात त्यांनी मला बोलावून एक जड खोके हाती दिले. त्यात अमिगा १२०० होता, पीसीएमसीआयए या कार्डांसाठीच्या खाचेत बसणारे, बाहेरचे ड्राइव्ह जोडायचे स्क्विरल नावाचे स्कझी कार्ड होते, बंद पडलेला सीडी रायटर होता आणि कागदी पाकिटांत जपून ठेवलेल्या सहा सीडी होत्या. तरुणपणी ते एका लहानशा गायनवृंदासाठी चाली बांधत आणि त्या प्रोट्रॅकर या प्रणालीत चार चॅनेलांच्या मॉड्यूलच्या, म्हणजे संगीताच्या फाइलींच्या, रूपात लिहून ठेवत. १९९८ साली त्यांनी ते सगळे काम सीडीवर उतरवले होते आणि त्यानंतर ते पुन्हा उघडून पाहणे झाले नव्हते. त्यांना त्या चाली ऐकायच्या होत्या, आणि त्यापेक्षाही त्या त्यांच्या नातीकडे सोपवायच्या होत्या.

मला हे काम एका संध्याकाळचे वाटले. लिनक्स असलेल्या लॅपटॉपला मी सीडी ड्राइव्ह जोडला, पहिली सीडी घातली आणि फाइली लगेच दिसल्या. जर्मन भाषेतली दोन टिंबांची अक्षरे जिथे जिथे होती, तिथे तिथे प्रश्नचिन्ह आले होते, पण ते समजण्यासारखे होते. अमिगा ही अक्षरे आयएसओ ८८५९-१ या संचात एका बाइटमध्ये लिहितो आणि आजचा संगणक नावे यूटीएफ-८ मध्ये असतील असे धरून चालतो. चाली वाजल्यासुद्धा. मी लॅपटॉप घेऊन खाली गेलो, त्यांना यादी दाखवली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली आणि विचारले, “माझ्या ओळी कुठे आहेत?”

प्रत्येक चालीसोबत त्यांनी एक ओळ लिहिली होती. ती कधी बांधली, कोणासाठी बांधली, कोणत्या प्रसंगी गायली गेली, असे काहीसे त्या ओळीत होते. प्रोट्रॅकरच्या मॉड्यूलमध्ये ३१ वाद्यनमुन्यांची नावे लिहायला प्रत्येकी २२ अक्षरांची जागा असते आणि पुष्कळ लोक तिथेच निरोप लिहीत असत. आजोबा मात्र शिस्तीचे. नमुन्यांच्या जागी त्यांनी नमुन्यांचीच नावे लिहिली होती. ओळी त्यांनी फाइलच्या टिप्पणीत ठेवल्या होत्या. अमिगाच्या डिस्कवर प्रत्येक फाइलला जास्तीत जास्त ७९ अक्षरांची टिप्पणी जोडता येते. ती फाइलच्या आत नसते, निर्देशिकेतल्या नोंदीत असते. म्हणून फाइल दुसरीकडे नेली की ती मागे राहण्याचा धोका असतो.

त्या रात्री मी सीडीची कच्ची प्रतिमा काढली आणि तिचे बाइट एकेक करून पाहू लागलो. आयएसओ ९६६० च्या मांडणीत सीडीचे सेक्टर २०४८ बाइटांचे असतात आणि पहिले १६ सेक्टर मोकळे सोडलेले असतात. त्यानंतरच्या सेक्टरात, म्हणजे ३२७६८ व्या बाइटापासून पुढे, ‘सीडी००१’ ही खूण दिसते आणि तिथून मूळ निर्देशिकेचा पत्ता मिळतो. त्या पत्त्यावरून मी चालींच्या निर्देशिकेपर्यंत गेलो. प्रत्येक नोंदीत आधी मोठ्या लिपीतले, म्हणजे कॅपिटल अक्षरांतले, आखूड नाव होते, त्याच्या शेवटी अर्धविराम आणि १ हा आवृत्तीचा आकडा. पण नोंद तिथे संपत नव्हती. पुढे ‘एनएम’ या दोन अक्षरांनी सुरू होणारा तुकडा होता, त्यात फाइलचे खरे, लांब नाव. त्याच्या पुढे ‘एएस’ या अक्षरांनी सुरू होणारा आणखी एक तुकडा होता, आणि त्यात सरळ वाचता येईल अशा जर्मनमध्ये आजोबांची ओळ होती.

‘एनएम’ हा तुकडा रॉक रिज या विस्ताराचा. युनिक्सच्या लांब नावांसाठी आणि परवानग्यांसाठी तो आयएसओ ९६६० वर चढवला गेला. ‘एएस’ हा अमिगासाठीचा तुकडा त्याच चौकटीत बसतो. त्यात अमिगाचे संरक्षण-बिट, म्हणजे फाइलीच्या परवानग्या, आणि टिप्पणी ठेवता येते. आजोबांनी सीडी लिहिताना मेकसीडी ही प्रणाली वापरली होती आणि तिने हा तुकडा इमानाने लिहून ठेवला होता. म्हणजे ओळी हरवल्या नव्हत्या. माझा लॅपटॉप त्यांच्याकडे पाहत नव्हता, एवढेच. त्या उपसण्यासाठी छोटी प्रणाली लिहिता आली असती, पण मला त्या जशा लिहिल्या गेल्या तशा, त्याच यंत्रावर, त्याच पडद्यावर आजोबांना दाखवायच्या होत्या.

यंत्र चालू करण्यात आठवडा गेला. अमिगा १२०० हा १९९२ सालचा संगणक, आणि त्याच्या बोर्डावरचे कंडेन्सर इतक्या वर्षांत गळू लागतात. ते एका जाणकाराकडून बदलून घेतले. जुन्या बाजारातून बाहेरून जोडायचा स्कझी सीडी ड्राइव्ह मिळाला. त्याचा क्रमांक २ ठेवला आणि साखळीच्या टोकाला ती बंद करणारा टर्मिनेटर लावला. एवढे झाल्यावर मी एक चूक केली, आणि तिने माझे चार दिवस घेतले.

यंत्राच्या पोटात ८ मेगाबाइटचे मेमरी कार्ड होते, पण संगणक त्यातले ४ मेगाबाइटच दाखवत होता. कार्डावरचा एक जंपर, म्हणजे मांडणी ठरवणारी छोटी जोडपट्टी, चुकीच्या जागी असेल असे समजून मी तो बदलला. मेमरी ८ झाली, आणि त्याच क्षणापासून स्कझी कार्डाचा पत्ता लागेना. मी केबल बदलली, टर्मिनेटर बदलला, कार्डाचे संपर्क साफ केले. शेवटी मेमरीच्या पत्त्यांचा नकाशा काढून बसलो तेव्हा कारण कळले. या जातीचे ८ मेगाबाइटचे कार्ड ज्या पत्त्यांवर बसते, त्यांचा वरचा अर्धा भाग पीसीएमसीआयए खाचेसाठीच राखलेला आहे. पूर्ण मेमरी चालू केली की खाच झाकली जाते. आजोबांनी १९९८ साली तो जंपर समजून-उमजून ४ वर ठेवला होता. जुन्या यंत्रावर काम करताना आधीच्या मालकाची मांडणी का तशी आहे हे विचारल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, हे मी तेव्हापासून पाळतो.

आता मूळ कामाकडे येतो. अमिगावर सीडी वाचायला दोन वेगळे थर लागतात आणि नवखा माणूस नेहमी इथेच अडखळतो. खालचा थर म्हणजे डिव्हाइस. तो ड्राइव्हशी बोलतो आणि सांगितलेला सेक्टर आणून देतो. माझ्याकडे हे काम स्क्विरलस्कझी डॉट डिव्हाइस करत होते. ज्यांच्याकडे आतल्या आयडीई जोडणीवर सीडी ड्राइव्ह असतो, त्यांना इथे वेगळी अडचण येते. अमिगाच्या चिपमधल्या किकस्टार्ट ३.१ या मूळ प्रणालीतल्या ज्या डिव्हाइसचे नाव स्कझी डॉट डिव्हाइस आहे, ते अमिगा १२०० वर प्रत्यक्षात आयडीई हार्ड डिस्क चालवते आणि सीडी ड्राइव्हची एटीएपीआय भाषा त्याला येत नाही. ती भाषा शिकवणारी आयडीई-फिक्ससारखी जोड लागते. वरचा थर म्हणजे फाइल सिस्टिम. आलेल्या सेक्टरांतून नावे, निर्देशिका, तारखा आणि टिप्पण्या उलगडणे हे तिचे काम. निवड करायची होती ती या वरच्या थराची.

दोन्ही थरांची गाठ मारणारी एक छोटी मजकुराची फाइल असते. ती डेव्ह्ज मधल्या डॉसड्रायव्हर्स या ड्रॉवरमध्ये (अमिगावर फोल्डरला ड्रॉवर म्हणतात) ठेवायची असते. फाइल सिस्टिम कुठे आहे, डिव्हाइसचे नाव काय, युनिट किती, बफर किती, हे तिच्यात लिहायचे. डॉसटाइपच्या जागी हेक्स आकड्यांत ४३ ४४ ३० ३१ लिहिले, म्हणजे सी, डी, शून्य, एक. ग्लोबव्हेकच्या जागी उणे १ लिहायचे. डिव्हाइसच्या नावात लहान-मोठ्या लिपीचा फरकही चालत नाही, एक अक्षर चुकले तरी सीडीचे चिन्ह पडद्यावर येत नाही.

पहिली पाळी कमोडोरच्या स्वतःच्या सीडीफाइलसिस्टिमची होती, कारण ती हार्ड डिस्कवर आधीपासूनच होती. सीडी उघडली, चालींचा ड्रॉवर उघडला आणि जे दिसले ते पाहून मी थबकलो. आयएसओ ९६६० च्या पहिल्या पातळीवर नाव आठ अक्षरांचे आणि टिंबानंतरचा भाग तीन अक्षरांचा असतो. पीसीवर मॉड्यूलचे नाव आधी आणि ‘मॉड’ हा प्रत्यय नंतर येतो, पण अमिगावर रीत उलटी आहे. तिथे ‘मॉड’ आधी, मग टिंब, मग चालीचे नाव. म्हणजे ‘मॉड.आबेंडलीड’ या नावातले ‘मॉड’ पूर्ण राहिले आणि चालीच्या नावाची पहिली तीनच अक्षरे उरली. आबेंड म्हणजे संध्याकाळ. संध्याकाळची गाणी आजोबांकडे बरीच होती, आणि त्या सगळ्यांची नावे एकाच तीन अक्षरांवर येऊन आदळत असल्याने मेकसीडीने लिहितानाच त्यांना आकडे लावून वेगळे केले होते. चिन्हांच्या फाइलींचीही तीच गत होती. अमिगाच्या चिन्हाच्या फाइलीचा प्रत्यय ‘इन्फो’ असा चार अक्षरांचा असतो आणि तो तीन अक्षरांच्या जागेत मावतच नाही. त्यामुळे वर्कबेंचवर, म्हणजे अमिगाच्या चिन्हांच्या पडद्यावर, एकही चिन्ह दिसत नव्हते. या फाइल सिस्टिमला दोष देण्यासारखे यात काही नाही. ती सीडीटीव्ही आणि सीडी३२ या यंत्रांच्या सीडींसाठी बनली आणि त्या सीडी तिला मानवतील अशाच लिहिल्या जात. आजोबांच्या सीडी तिच्यासाठी नव्हत्या.

दुसरी पाळी अमिसीडीरॉमची. फ्रँक मुंकर्ट यांनी लिहिलेली ही फाइल सिस्टिम अमिनेट या अमिगाच्या प्रणालींच्या संग्रहावर विनामूल्य मिळते आणि आयएसओ ९६६० बरोबर रॉक रिज आणि मॅकिंटॉशची एचएफएस मांडणीही तिला वाचता येते. इथे मी फसलो. तिच्या सुरुवातीच्या ओळीत पर्याय लिहायचे असतात. त्यातला नावे लहान लिपीत दाखवण्याचा पर्याय मी दिला आणि रॉक रिजचा द्यायचा राहिला. सीडी उघडल्यावर ‘लीडर’, ‘टेक्स्ट’, ‘बिल्डर’ असे तीन ड्रॉवर सुबक लहान लिपीत दिसले आणि मी समजलो की रॉक रिज वाचले जात आहे. वास्तविक ती नावे मुळातच आखूड होती. फाइल सिस्टिमने मोठ्या लिपीची अक्षरे लहान करून दाखवली, एवढेच झाले होते. ‘लीडर’ म्हणजे गाण्यांचा ड्रॉवर उघडला तेव्हा तीच तुटलेली तीन अक्षरे पुन्हा समोर आली. म्हणून माझे सांगणे आहे की सीडीची फाइल सिस्टिम पारखायची तर वरच्या पातळीवरच्या नावांवर विसंबू नये. ज्याचे नाव बारा अक्षरांहून लांब आहे, ज्यात मोठी आणि लहान लिपी मिसळलेली आहे, अशी खोलवरची एक फाइल आधी हेरून ठेवावी आणि प्रत्येक वेळी तीच पाहावी. मी तशी ‘मॉड.आबेंडलीड’ निवडली.

रॉक रिजचा पर्याय देण्याआधी मी अमिसीडीरॉमच्याच वंशातली पुढची फाइल सिस्टिम आणली. मुंकर्ट यांच्या कामावर मार्टिन बेर्न्ट यांनी अमिसीडीएफएस उभी केली, आणि तीही अमिनेटवर आहे. ती एल ड्रॉवरमध्ये ठेवली, डॉसड्रायव्हरची फाइल तिच्या नावाने बदलली, संगणक पुन्हा सुरू केला. या वेळी वर्कबेंचवर चिन्हे आली. आजोबांनी हाताने काढलेली, स्वरलिपीच्या रेघांवर पक्षी बसलेला, अशी ती चिन्हे होती. मी शेल, म्हणजे आज्ञा टंकण्याची खिडकी, उघडले आणि लिस्ट ही आज्ञा दिली. पहिली ओळ फाइलीची: पूर्ण नाव, लांबी, संरक्षण-बिट, तारीख. तिच्या खाली, अपूर्णविरामाने सुरू होणारी दुसरी ओळ. अमिगाची लिस्ट आज्ञा टिप्पणी अशीच दाखवते. त्या ओळीत लिहिले होते की ही चाल १९९१ च्या नोव्हेंबरात, पहिल्या बर्फाच्या रात्री बांधली. ‘ü’ सारखी सगळी अक्षरे जागच्या जागी होती, कारण ज्या संचात ती लिहिली गेली त्याच संचात ती वाचली जात होती.

तिथेच थांबता आले असते, पण सहा सीडींचे काम करायचे असल्याने मी आणखी एक तुलना केली. आयडीई-फिक्स या संचासोबत कॅशसीडीएफएस नावाची फाइल सिस्टिम येते आणि आजोबांनी तो संच त्या काळी विकत घेतलेला होता, त्याची की फाइल, म्हणजे परवान्याची फाइल, हार्ड डिस्कवर होती. नावाप्रमाणेच तिचा भर वाचलेले सेक्टर साठवून पुन्हा पुन्हा वापरण्यावर आहे. मोठी निर्देशिका दुसऱ्यांदा उघडताना फरक जाणवतो. नावे आणि टिप्पण्या तिनेही नीट दाखवल्या. ज्याच्याकडे मेमरी भरपूर आहे आणि जो रोज सीडीवरून प्रणाली चालवतो, त्याला मी हीच सुचवीन. माझे काम वेगळे होते. प्रत्येक फाइल एकदाच वाचून उतरवायची होती, आणि जंपरच्या त्या प्रकरणामुळे मेमरी तोकडी होती. अमिसीडीएफएसला २० बफर दिले, म्हणजे ४० किलोबाइट, आणि तेवढ्यावर ती तक्रार न करता चालली. एकपट वेगाचा ड्राइव्ह सेकंदाला ७५ सेक्टर, म्हणजे १५० किलोबाइट देतो, आणि शे-दीडशे किलोबाइटच्या मॉड्यूलना तेवढा वेग पुरून उरतो. वेगाचा मुद्दा माझ्या निवडीत आलाच नाही. कॅनडाच्या असिमवेअर कंपनीची असिमसीडीएफएस त्या काळी विकत मिळत असे. खोक्यात तिची फ्लॉपी होती, पण इतक्या वर्षांनी ती वाचली गेली नाही, त्यामुळे तिच्याविषयी स्वानुभवाने काही सांगता येत नाही.

चौथ्या सीडीने एक नवी गोष्ट दाखवली. पाकिटावर आजोबांच्या अक्षरात दोन तारखा होत्या आणि पडताळणीसाठी मी ती आधी कमोडोरच्या फाइल सिस्टिमने उघडली, तेव्हा मला पहिल्या तारखेच्याच फाइली दिसल्या. सीडी दोन सत्रांत लिहिलेली होती. दुसऱ्या सत्रात नवी निर्देशिका लिहिली जाते आणि ती आधीच्या सत्राच्या फाइलींनाही आपल्यात सामावून घेते. पण ती सापडण्यासाठी फाइल सिस्टिमने ड्राइव्हला शेवटचे सत्र कुठे सुरू होते हे विचारावे लागते. अमिसीडीएफएसने ते विचारले आणि उरलेल्या फाइली पुढे आल्या. सीडी अर्धीच आहे असे समजून ती बाजूला ठेवण्यापूर्वी पाकिटावरचे हस्ताक्षर वाचावे, हे त्या दिवशी उपयोगी पडले.

फाइली हार्ड डिस्कवर उतरवतानाही एक काळजी घ्यावी लागली. अमिगाची कॉपी आज्ञा साधी दिली तर ती मजकूर नेते, टिप्पणी नेत नाही. तिला क्लोन हा शब्द जोडला की तारीख, संरक्षण-बिट आणि टिप्पणी तिन्ही सोबत जातात. पहिला ड्रॉवर मी क्लोनशिवाय उतरवला होता. लिस्ट दिल्यावर अपूर्णविरामाच्या ओळी गायब दिसल्या, तेव्हा तो पुसून पुन्हा उतरवला. मग सगळ्या टिप्पण्या मजकुराच्या एका फाइलीत घेतल्या. लिस्ट आज्ञेला एलफॉरमॅट देऊन फक्त नाव आणि टिप्पणी छापायला सांगता येते, आणि तो मजकूर फाइलीत वळवता येतो. पीसीएमसीआयए खाच स्कझी कार्डाने अडवलेली असल्याने ती फाइल ७२० किलोबाइटच्या पीसी फ्लॉपीवर लिहिली. अमिगाच्या प्रणालीत असलेली क्रॉसडॉस ही सोय त्यासाठी पुरली. लॅपटॉपवर अक्षरसंच बदलून घेतला आणि नातीसाठी चाली व ओळी एकत्र बांधल्या.

तरीही आजोबांना मी आधी अमिगाच दाखवला. तो त्यांच्या बैठकीतल्या मेजावर ठेवला, त्यांच्या जुन्या मॉनिटरला जोडला, सीडी घातली आणि शेलमध्ये लिस्ट दिली. ओळी वर सरकू लागल्या तसे ते चष्मा सावरून पुढे झुकले आणि एकेक टिप्पणी मोठ्याने वाचू लागले. मध्ये एका चालीपाशी टिप्पणी वाक्याच्या अर्ध्यात, एका शब्दाच्या मधोमध तुटलेली होती. मी मोजले, बरोबर ७९ अक्षरे. मी त्यांना सांगू लागलो की अमिगा याहून लांब टिप्पणी ठेवत नाही, हे सीडीचे किंवा फाइल सिस्टिमचे नुकसान नाही. त्यांनी हात वर करून मला थांबवले आणि पडद्याकडे पाहतच राहिलेला अर्धा शब्द, आणि त्याच्या पुढचे सगळे वाक्य, म्हणून दाखवले. मी ते कागदावर उतरवून घेतले.